तिच्या हाताला लागेल अशी कडी

आमच्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस दारात कमरेतून वाकतो. दार उघडलं की आधी त्याचं डोकं दिसतं, मग तो. समोर नवे भाडेकरू आले होते. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की या घरात कुणी महाराज राहतात आणि लोक जाताना त्यांच्या पाया पडतात. त्यांच्यातल्या बाई एकदा नारळ घेऊन आल्या. मी आशीर्वाद देऊन टाकला. आलेला नारळ परत कशाला करा?

खरी गोष्ट एवढीच, की आमच्या दाराची कडी खाली आहे. किती खाली? मी सांगतो, गुडघ्याला लागते.

"अर्धं धरा," असं आमची मंडळी यावर म्हणायची. पाहुण्यांसमोर मी काहीही सांगायला लागलो, की ही आतून भाकरी थापता थापता आवाज द्यायची, "अर्धं धरा हो भाऊजी!" मी म्हटलं की मंडपात पाच हजार माणूस जेवलं, तर आतून "अर्धं धरा". वारा सुटला आणि मी एका हातानं खांब धरून ठेवला म्हटलं, तरी "अर्धं धरा". एकदा मी वैतागून विचारलं, "खांब अर्धा कसा धरायचा?" तर म्हणाली, "खांब पुरा होता. तुम्ही अर्धे होतात. बाकीचे अर्धे स्टेजखाली लपलेले."

तर कडी गुडघ्याला नाही, मांडीला लागते. झालं समाधान?

मी धंद्यानं मंडप-डेकोरेशनवाला. उंची सहा फूट तीन इंच. शिडी विकत घेण्याआधी काही वर्षं मी नुसता हात वर करून धंदा केला. दिंडोरीला एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं, बागेला लागूनच मंडप. मी असा उजेड पाडला की द्राक्षांना वाटलं उन्हाळा आला. हळदीला हिरवी असलेली बाग अक्षता पडेपर्यंत पिकून तयार! एकदा आकाशात फोकस सोडला, तर देवळाली कॅम्पातनं जवानांची जीप आली, शत्रू कुठाय म्हणून विचारत. मी म्हटलं, तो काय, फेटा बांधून उभा आहे. जेवून गेले बिचारे.

असा मी, अख्ख्या नाशकाला उजेड दाखवणारा. आणि स्वतःच्या घरात मला एक बल्ब निवडायची मुभा नव्हती.

ही मखमलाबादकडच्या फुलवाल्या माळ्यांची लेक. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलबाजारात वडिलांच्या शेजारी बसून फुलं निवडायची. मी मंडपासाठी झेंडू घ्यायला गेलो होतो. भाव विचारायला वाकलो, तर ही वर न बघताच म्हणाली, "ओ, बाजूला सरका. सावलीत फूल शिळं दिसतं."

मी सरकलो.

"अजून सरका. संपतच नाही तुमची सावली."

लग्न ठरल्यावर लोक म्हणायला लागले, टेलिफोनच्या खांबाशेजारी तुळशीवृंदावन. मी कार्यालयाच्या दारापासून बोहल्यापर्यंत गालिचा टाकला होता, तो फक्त हिच्या अर्ध्या भागात चार पदरी. तरीही फोटोत मी मान कापल्यासारखाच आलोय.

मखमलाबाद रोडला रो-हाउस बांधायला घेतलं तेव्हा विटा, सिमेंट, फरशी या कशातच हिनं लक्ष घातलं नाही. "भिंती तुम्ही बघा," म्हणाली. "हाताला जे जे लागतं ते मी बघणार." म्हणजे कड्या, बोल्ट, हॅन्डल, बटणं आणि दिवे. मी मनात म्हटलं, स्वस्तात सुटलो. पुढे मेन रोडच्या हार्डवेअरच्या दुकानात आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या की दुकानदाराच्या बायकोनं दिवाळीचा फराळ दिला.

दुकानात लाकडी पाट्यांवर कड्या, हॅन्डलं मांडून ठेवलेली असतात. बाकीची गिऱ्हाइकं बघून पसंत करतात. ही दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घ्यायची आणि कोपरानं हॅन्डल दाबून बघायची.

"वहिनी, हे बघा," दुकानदार म्हणायचा. "अँटिक फिनिश. आता हेच चालतं."

"अँटिक म्हणजे जुनं ना?"

"जुन्यासारखं दिसणारं."

"मग नवं घ्या नि वापरा, आपोआप होईल. हे कोपरानं उघडत नाही. बाईच्या हातात कधी ना कधी काहीतरी असतंच, भाऊ. पोर असतं, पातेलं असतं. दार काय रिकाम्या हातांच्या माणसांसाठी असतं होय?" आणि माझ्याकडे बघायची. मी तेव्हा नेमका रिकाम्या हातांनी उभा असायचो.

बटणांचंही तसंच. तेव्हा नुकती ती चपटी, मऊ, मॉड्युलर बटणं आली होती. मला भारी आवडली होती. हिनं डोळे मिटून एकेक दाबून बघितलं. "आवाज कुठाय? चालू झालं की बंद झालं, कळायचं कसं?" शेवटी जुन्या घाटाची, खट्ट आवाज करणारी बटणं निवडली. मी म्हटलं, हा आवाज शेजारी ऐकू जाईल. तर म्हणाली, "जाऊ दे. त्यांना कळेल आम्ही उठलो."

आणि दिवे! दिव्यांच्या दुकानात हिनं पर्समधून ओल्या फडक्यात गुंडाळलेली झेंडूची दोन फुलं काढली. एक त्या दिवशीचं, एक आदल्या दिवशीचं. प्रत्येक दिव्याखाली दोन्ही धरून बघायची. फुलवाल्यांच्या घरात हे लहानपणापासून शिकवतात. पहाटे अंधारात माल निवडायचा असतो. ज्या दिव्याखाली कालचं फूल आजचं दिसतं, तो दिवा लबाड. तो धंद्याला चालतो, घराला नाही.

"यांचे सगळे दिवे तसलेच," माझ्याकडे बोट दाखवून दुकानदाराला म्हणाली. "म्हणून तर लग्नात नवरे पसंत पडतात."

मला झुंबर पाहिजे होतं. छतातून लपून येणारा गुलाबी उजेड पाहिजे होता. ते सगळं झेंडूच्या परीक्षेत नापास झालं आणि घरात पांढऱ्या ट्यूब लागल्या. मी रुसलो. दोन घास कमी खाल्ले. (बरं, एक घास.) तेव्हा तिनं दया येऊन एक दिवा मला निवडू दिला, पुढच्या दाराबाहेरचा. मी पितळी कंदिलाच्या घाटाचा घेतला. पिवळी काच, आत मधासारखा उजेड. हिनं झेंडू धरून बघितला. कालचं फूल आत्ता तोडल्यासारखं झळकायला लागलं.

"एक नंबरचा लबाड दिवा आहे हा," ती म्हणाली. "असू दे बाहेर. आलेला माणूस तेवढाच बरा दिसेल."

सुतार दाराला कडी बसवायला आला तेव्हा ही दारासमोर उभी राहिली, डोळे मिटले, हात सहज पुढे केला. जिथं बोटं टेकली तिथं सुताराला म्हणाली, "इथं."

"वहिनी, फारच खाली होतंय. सगळीकडे—"

"सगळीकडे माझं घर नाही. इथं."

बटणांचे बोर्डही तसेच, हिच्या खांद्याला. आजही आमच्याकडे मुक्कामाला आलेला माणूस अंधारात वरच्या कोऱ्या भिंतीला चापट्या मारत फिरतो. मी पडल्या पडल्या ऐकतो. कोणता पाहुणा उठलाय ते त्याच्या चापटीवरून ओळखतो.

कडी एवढी खाली का, ते हिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. माहेरी मळ्यातल्या घराला पुढचं दार एकच, आणि त्याची कडी पार वर. दारासमोरच विहीर होती. लहान पोरं बाहेर पळू नयेत म्हणून वडिलांनी ती मुद्दाम उंच बसवलेली. पहाटे घरातली सगळी मागच्या गोठ्यातून मळ्यात जायची. पुढचं दार आतून उघडायचं आणि आदल्या सांजेच्या फुलांच्या पाट्या ओट्यावर काढून ठेवायच्या, हे काम हिचं. शेंडेफळ, वय सात-आठ, उंची न सांगितलेली बरी. मग ही रिकामी पाटी पालथी घालायची, तिच्यावर चढायची, चवड्यांवर उभी राहायची आणि कडी काढायची. रोज. एकदा पाटी सरकली. हनुवटी उंबऱ्यावर आपटली. ती खूण अजून आहे, तांदळाच्या दाण्याएवढी.

"पाटी कुणी धरली नव्हती," ती सांगायची. रडून नाही, तक्रार म्हणूनही नाही. पाऊस पडला नव्हता, असं सांगावं तसं. "म्हणून माझ्या घरात कडीला पाटी लागायची नाही."

त्या कडीनं माझ्या कमरेची वाट लावली. डॉक्टर म्हणाले, मणका झिजलाय. मी म्हटलं, झिजला नाही, संसाराला वाकलाय.

इथून पुढचं मात्र अर्धं धरू नका. पुरं धरा.

पहिल्यांदा बटणं चुकायला लागली. जिचा हात डोळे मिटून बरोबर बटणावर जायचा, ती हॉलमध्ये उभी राहून पंख्याचं बटण दाबायची आणि दिव्याकडे बघत राहायची. खट्ट. पुन्हा खट्ट. मी हसण्यावारी नेलं. प्रत्येक बटणाखाली चित्रं चिकटवली, पंखा, बल्ब, टीव्ही. माझं चित्रकलेचं अंग असं, की पंखा झेंडूसारखा दिसायला लागला. तिनं तोच ओळखला. "झेंडू," म्हणाली आणि दाबला. पंखा लागल्यावर जरा दचकली.

मग दुपारच्या चहाला तिनं मला विचारलं, "तुमचं घर कुठंशी आलं?" मी म्हटलं, इथंच, जवळच. "मग संध्याकाळच्या आत जा," म्हणाली. "घरी वाट बघत असतील."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावून दाखवला. चांगला पांढरा, खरा उजेड होता. त्यात काही लपलं नाही. म्हणाले, हे मागं मागं जात राहील. नवं आधी पुसलं जातं, जुनं शेवटी.

मी रोज बघत होतो, आता कुठवर आली ते. हे घर गेलं. मुलीचं लग्न गेलं. मग मुलगीच लहान झाली, शाळेतून आली का म्हणून विचारायची. तोवर मी निर्धास्त होतो, कारण मी तर त्याच्याही आधीचा. आणि बोलण्यातही फरक पडला. लग्नानंतर मोठ्या हौसेनं शिकलेलं 'आहे, नाही' गळून पडलं. 'हाय' आलं, 'नाय' आलं, 'लय' आलं. माहेरच्या मळ्यातली भाषा. ऐकायला गोड वाटायची. ती कुठं निघालीय, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं.

एका पहाटे जाग आली तर अंथरूण रिकामं आणि दार सताड उघडं. खालची कडी काढताना ती अलीकडे चाचपडायची, बोल्ट उलटा ओढायची. पण त्या दिवशी जमलं. मी स्कूटर काढली आणि अख्खा मखमलाबाद रोड पालथा घातला. सापडली फुलबाजारात. अनवाणी, अंगात माझा स्वेटर. एका अनोळखी बाईच्या पालावर बसून तिच्या टोपलीतली शेवंती निवडत होती. ती बाई मला म्हणाली, "तुमच्या घरच्या का? मी काही बोलले नाही, काका. हात लय चांगला चालतोय यांचा." एवढा रस्ता, पूल, ट्रक, कुत्री पार करून ती कशी आली असेल, याचा विचार मी अजून पुरा केलेला नाही. सुरू करतो आणि उठून चहा ठेवतो.

मुलगी पुण्याहून आली. आमची मुलगी आईवर गेलीय. उंचीनं माझ्यासारखी, पण बोलणं मोजकं.

"पप्पा, पुण्यात एक चांगली जागा बघितलीय मी. चोवीस तास बायका असतात तिथं."

"इथं चोवीस तास मी असतो."

"तुम्ही घोरता. त्या दिवशी ती दार उघडून गेली तेव्हा तुम्ही घोरत होतात."

"मी घोरत नाही. मी मोठ्यानं श्वास घेतो."

"पप्पा." तिनं माझा हात धरला. "पुढच्या वेळी फुलबाजारात नाही सापडली तर?"

मी उठून दाराची कडी लावून आलो. शेवटी ठरलं ते असं. दाराला वर, अगदी चौकटीशी, बोल्ट बसवायचा, तिचा हात पोचणार नाही असा. तरीही ती पुन्हा एकटी बाहेर गेली, तर तिला पुण्याला न्यायचं, आणि मी आडवं यायचं नाही. मी हो म्हटलं. म्हणजे त्या बोल्टावर माझा सगळा संसार टांगलेला.

मेन रोडच्या त्याच दुकानात गेलो. जुना दुकानदार भिंतीवर हारात होता, गल्ल्यावर त्याचा मुलगा. त्यानं मला काळी काच लावलेलं एक कुलूप दाखवलं.

"काका, हे घ्या. चावी नाही, कडी नाही. बोट टेकवलं की उघडतं. माणूस चावी विसरतो, बोट नाही विसरत."

मी माझं बोट टेकवून बघितलं. ट्यूं करून उघडलं.

"आणि काकूंचं बोट यात घालायचंच नाही," तो समजुतीनं म्हणाला. त्याला मी सगळं सांगितलं होतं. "म्हणजे त्यांनी किती टेकवलं तरी दार ओळखणार नाही."

चांगला मुलगा आहे. माझ्या भल्याचंच सांगत होता. पण जिनं या दाराला डोळे मिटून हात लावून दाखवला होता, तिचं बोट त्याच दारानं नाकारायचं, ट्यूं सुद्धा करायचं नाही. मी म्हटलं, साधा टॉवर बोल्ट दे बाबा, स्टीलचा, लांब दांड्याचा.

"घरी हात पोचेल ना तुमचा, एवढ्या वर?"

"मी बसून काढीन," मी म्हटलं. आतून कुणी अर्धं धरा म्हणालं नाही.

सुतार दुसऱ्या दिवशी आला. बडबड्या माणूस, कानात ते बिनवायरीचं बोंडूक घालून घरच्यांशी बोलता बोलता काम करायचा. त्यामुळे तो 'हां हां, दोन किलो आण' म्हणाला की मला वाटायचं मलाच म्हणतोय. ही खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. कारागीर काम करताना तिला आधीपासून आवडतं. त्यानं ड्रिल वर नेलं तशी म्हणाली, "भाऊ, लय वर चाललास."

"मावशी, काकांनी तिथंच सांगितलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. "हे उंच हायेत. यांना काय होतंय." मग मलाच विचारलं, "घरात बाईमाणूस नाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"केवढी हाय?"

"तुमच्याएवढी."

"मग तिचा हात कसा पोचायचा हो तिथं? खाली घ्या. हितं." खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं हात पुढे केला. जुन्या कडीच्या वर दोन बोटंसुद्धा फरक नाही. "तिला विचारलं का तुम्ही?"

सुतारानं कानातलं बोंडूक काढलं. ड्रिल थांबवलं. "काका?"

"वर," मी म्हटलं. "वर घे."

भुसा पडायला लागला तसा तिनं तो पदरानं झाडला. माझ्याही खांद्यावरचा झाडला. आणि हळूच, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, "ती बाई बिचारी."

त्या रात्री मी निवांत झोपलो, हे लिहायला लाज वाटते, पण झोपलो. बोल्ट लागलेला होता. पहाटे कशानं तरी जाग आली. फरशीवरून काहीतरी घासत जात होतं, खर्रर, थांबे, पुन्हा खर्रर.

पुढच्या खोलीत गेलो. डेकोरेशनच्या फुलांचा माझा प्लास्टिकचा क्रेट मागच्या बाल्कनीत पडलेला असतो. तिनं तो ओढत आणला होता, दाराशी पालथा घातला होता आणि त्याच्यावर उभी होती. पदर खोचलेला. चवड्यांवर. डावा हात चौकटीला, उजवा वर.

खालच्या कडीशी ही महिनोन् महिने झगडत होती. स्वतःच्या हौसेनं लावून घेतलेली कडी तिला परकी झाली होती. आणि हा वरचा बोल्ट, आयुष्यात कधी न पाहिलेला, तिनं वर बघितलंसुद्धा नाही, नुसत्या दोन बोटांनी फिरवून सरकन खाली ओढला. मी आणि माझी मुलगी आणि तो सुतार, तिघा शहाण्यांनी मिळून तिला अडवायला जे शोधून काढलं, ते जगातलं तिला पुरतं पाठ असलेलं एकच दार होतं. आम्ही तिच्या वडिलांचं दार बसवून दिलं होतं.

क्रेट डुगडुगला. मी कसा पोचलो माहीत नाही. हॉल ओलांडायला मला दोन ढांगा लागतात. त्या दिवशी एकसुद्धा लागली नाही. मी खाली बसून दोन्ही हातांनी क्रेट धरला.

तिनं खाली बघितलं. घाबरली नाही. ओळखलंही नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे वरून बघत होती.

"धरलीस व्हय?" म्हणाली. "बरं झालं. कुणी धरत नाय."

मी मान हलवली.

"घट्ट धर हां. मागं पडले व्हते मी." आणि हनुवटीवरच्या दाण्याला बोट लावून दाखवलं.

तेव्हा मला कळलं ती कुठवर आलीय. फुलबाजारातली ती पहाट, ते 'सरका' म्हणणं, माझी सावली, मी, सगळं ओलांडून ती कधीच पलीकडे गेली होती. सात-आठ वर्षांची होती. आमची अजून भेटच झालेली नव्हती. मी ज्या दिवसाची हमी धरून बसलो होतो, तो दिवस मागच्या मागं निघून गेला आणि जाताना त्यानं मला हाकसुद्धा मारली नाही.

सकाळी मुलीचा फोन आला. "पप्पा, बोल्ट बसला का?"

"झकास बसला."

"हात नाही ना पोचत तिचा?"

"अजिबात नाही. चांगला हातभर कमी पडतो." हे अगदी खरं सांगितलं. पाटीबद्दल तिनं विचारलं नाही. एकटीनं बाहेर जायचं नाही, असं ठरलं होतं. आणि ती एकटी जात नाही.

आता आमचा पहाटेचा धंदा पुन्हा सुरू झालाय. संध्याकाळी मी ओळखीच्या फुलवाल्याकडून थोडा झेंडू आणून पाट्यांत भरून ठेवतो, ताजा आणि शिळा मिसळून. तिचा डोळा लागला की क्रेट सरकू नये म्हणून दाराशी जाड रबर अंथरतो. माझं अंथरूण तिच्या वाटेवरच घातलंय, मला ओलांडल्याशिवाय दाराकडे जाता येत नाही. ओलांडताना ती रोज माझ्या पोटावर पाय देते. मग मी उठतो, क्रेट पालथा घालतो, धरतो. ती चढते, बोल्ट ओढते, उतरते. मग दोघं पाट्या बाहेर काढतो.

फाटकाशी माझा जुना टेम्पो उभा आहे, मंडपाचे खांब वाहायचा तो. आता चालत नाही. पाटी त्याच्यात ठेवायच्या आधी ती फुलं निवडायला बसते, त्या माझ्या पितळी दिव्याखाली. दोन फुलं उचलते, उजेडात धरते आणि लगेच मान हलवते.

"हितं नको," मला सांगते. "ह्यो दिवा खोटा हाय. कालचं आजचं दिसतंय."

मला सुद्धा विसरली, पण ते नाही विसरली. मी म्हणतो, बरोबर आहे, आत ट्यूबखाली बघू. आत जातो. खट्ट. पांढऱ्या उजेडात ती शिळी फुलं बिनचूक बाजूला काढते. मी तिच्याकडे बघतो. केस, सुरकुत्या, हाडं वर आलेले हात. सगळं खरं दिसतं. मग फुलं घेऊन पुन्हा बाहेर येतो आणि त्या लबाड दिव्याखाली ती पाटी टेम्पोत ठेवायला टाचा उंचावते, तेवढं मी रोज बघून घेतो. तेवढी लबाडी मला माफ असावी. दिवा मीच निवडला होता.

माल गेला, की तिचं काम संपतं. हात झाडते, घरात येते, गाढ झोपते.

परवा मुलगी अचानक आली. पहाटे तिलाही जाग आली. मी क्रेट धरून बसलेला, तिची आई वर चढलेली, असं तिनं आतल्या खोलीच्या दारातून बघितलं. मी मनातल्या मनात पुण्याचं सामान बांधायला घेतलं. मुलगी पुढे आली, माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि क्रेटची दुसरी बाजू धरली.

तिच्या आईनं वरून आम्हा दोघांकडे बघितलं.

"आज दोघं?" म्हणाली, आणि बोल्टाला हात घातला.